६० किलोवर अडकलेला बेंच

प्रिय दोस्ता,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं, तीन महिने ६० किलोवर अडलंय, उजवा खांदा कुरकुरतोय, अंगाचं वजन ६२ किलोच्या पुढे सरकत नाही आणि आता तुला नवा प्रोग्रॅम हवाय, शिवाय व्हे प्रोटीनचा एक महागडा डबा. डबा राहू दे. आधी सांग, गेल्या सोमवारी तिसऱ्या सेटला किती रेप्स निघाले, म्हणजे बार सलग किती वेळा वर गेला?

नाही ना आठवत? तिथंच गोम आहे. तालमीत वस्ताद जोर-बैठका मोजून घ्यायचे, कालच्यापेक्षा दोन जास्त झाले की नाही ते त्यांना पाठ असायचं. तुझ्याकडे वस्ताद नाही, तर दहा रुपयांची वही घे. तारीख, वजन, रेप्स. बस.

आता बेंच. ६०वरून तू थेट ६५ लावतोस, म्हणजे एका झटक्यात आठ टक्के वाढ. ती कशी झेपेल? १.२५ किलोच्या प्लेटा जिममध्ये कुठंतरी धूळ खात पडलेल्या असतात, त्या शोध. त्याआधी ५५वर ये. हो, खाली ये, कुणी हसत नाही. ५५ला आठ-आठचे तीन सेट कर, हळूहळू तिन्ही सेट दहापर्यंत ने, मग ५७.५. प्रत्येक सेटला एखाद-दुसरा रेप शिल्लक ठेव. दर सोमवारी जास्तीत जास्त किती जातंय ते बघणं ही परीक्षा झाली, आणि रोज परीक्षा दिली तर अभ्यास कधी करणार? चेस्ट आठवड्यातून दोनदा घे, सेट तेवढेच, दोन दिवसांत विभागून.

खांद्याचं म्हणशील तर तू पाठवलेला व्हिडिओ थांबवून बघितला. बार छातीला लागतो तेव्हा तुझी कोपरं खांद्याच्या रेषेत, पार काटकोनात उघडतात. ती थोडी अंगाजवळ घे. झोपल्यावर दोन्ही खवाटे मागे, एकमेकांकडे ओढ आणि बेंचवर दाबून ठेव. बार मानेकडं न आणता छातीच्या खालच्या भागावर उतरव. आणि पाठीचा व्यायाम, रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) वगैरे, निदान चेस्टइतका तरी कर. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकतात, ते चालायचंच. पण सांध्यात कळ येत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर मला मेसेज करत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. मी चोविसाव्या वर्षी डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलताना, मित्रांसमोर दोन प्लेटा जास्त चढवल्या होत्या. तीन आठवडे बुटाची नाडी आई बांधायची.

‘दादा, मी भरपूर खातो,’ असं तू म्हणतोस. सकाळी पोहे, डब्यात तीन पोळ्या न् भाजी, रात्री आमटी-भात, दोन अंडी. पोट भरतं, पण प्रथिनं जेमतेम ४५-५० ग्रॅम होतात. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे तुला १०० ग्रॅम लागतील. आणखी दोन अंडी (१२), अर्धा लिटर दूध (१६), ५० ग्रॅम सोया चंक्स (२६), झाला हिशोब. सोयाचा वास नको वाटत असेल तर उकळून, पिळून, कांदा-लसूण मसाल्यात परत. व्हे म्हणजे तरी काय, दूध फाडल्यावर निघणाऱ्या पाण्यातली प्रथिनं वेगळी काढून केलेली पावडर. सोय म्हणून ठीक आहे. पैसे खर्चायचेच असतील तर साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम. किडनीचा काही त्रास असेल तर विचारल्याशिवाय तेही नको. जिममधला कुणी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं बोलला तर तिथून उठ.

भातही वाढव, तुझ्यासारख्या काटकुळ्याला भाताची भीती कसली? आठवड्याला पाव किलो वजन वाढलं तरी पुष्कळ. आणि रात्री दीडपर्यंत रील्स बघून सकाळी सहाला जिम, हे बंद. सात तास तरी झोप.

बुधवारी वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव. त्यात स्क्वॉट दिसला पाहिजे, तुझ्या व्हिडिओत पाय कधी दिसतच नाहीत.

तुझा,
दादा