‘इन्शुरन्स कंपलसरी आहे’ म्हणे

हडपसरहून एका ताईंचं पत्र आलंय. वडील 47 वर्षांचे, रिक्षा चालवतात. जुनी सीएनजी रिक्षा काढून तीन आठवड्यांपूर्वी विजेवरची घेतली. कर्ज 3 लाख 36 हजार, व्याज 16 टक्के, मुदत चार वर्षं. ‘गॅसचे महिन्याला साडेचार हजार वाचतील. ते कोणत्या एसआयपीत घालू?’ एवढाच प्रश्न. आणि तळाशी, जाता जाता: ‘कर्जासोबत इन्शुरन्स कंपलसरी होता. पहिला हप्ता कर्जातच धरलाय. वर्षाला 36 हजार, 15 वर्षं, शेवटी साडेदहा लाख मिळतील म्हणाले.’

ताई, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, राहू द्या. पॉलिसीचे कागद हातात कधी आले, ती तारीख आधी शोधा. त्या दिवसापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. थोडीफार कपात होऊन बाकी पैसे परत मिळतात. रिक्षा घेऊन तीन आठवडे झालेत, म्हणजे हातात फार दिवस नाहीत.

कंपलसरी असतो तो गाडीचा थर्ड पार्टी विमा. बाबांच्या नावावर जी घातलीय ती आयुर्विमा पॉलिसी, आणि कर्जासाठी ती घ्यायलाच हवी असा कुठलाही नियम नाही. दोन्हींना ‘इन्शुरन्स’च म्हणतात, त्याचा फायदा घेतला गेला. साडेदहा लाखांचा आकडाही बहुधा पॉलिसी विकताना दाखवतात त्या परताव्याच्या तक्त्यात, 8 टक्के गृहीत धरलेल्या रकान्यातला असेल. शेजारी 4 टक्क्यांचाही रकाना असतो, त्यावर कुणी बोट ठेवत नाही. अशा पॉलिसीत हाती 5 टक्क्यांच्या आसपास पडतं. म्हणजे 16 टक्क्यांनी उसने काढून 5 टक्क्यांवर ठेवायचे. एवढं करून विमा किती? सहसा हप्त्याच्या दहापट, साडेतीन लाखांच्या घरात. म्हणजे जवळपास कर्जाएवढाच. उद्या बाबांना काही झालं, तर तो कर्ज फेडण्यातच जाईल. मग घर कशावर चालायचं?

आता तुमचे साडेचार हजार. दिवसाला 100 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस. गॅस किलोला 90 धरला तर खर्च साडेसात हजार. विजेवर, घरमालक युनिटला 15 रुपये लावतो म्हणता, तरी तीन हजार. साडेचार वाचतात, हिशेब बरोबर आहे. पण पहिल्या 36 हजारांपायी कर्जाचा हप्ता महिन्याला हजाराने फुगलाय, आणि पुढच्या वर्षापासून पॉलिसीला महिन्याला तीन हजार बाजूला काढावे लागतील. झाले चार हजार! शिवाय जुन्या रिक्षाचं कर्ज फिटलेलं होतं. आता महिन्याला साडेनऊ हजारांचा हप्ता आहे, ते पत्रात कुठेच नाही.

रिक्षा घेतली ते चूक नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. चांगल्या पगारदाराला विजेच्या कारसाठी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळतं. त्याच दराने बाबांना 3 लाख मिळाले असते तर चार वर्षांत साधारण 46 हजार वाचले असते. छतावरच्या सौर पॅनलला केंद्र 78 हजारांपर्यंत अनुदान देतं, पण त्यासाठी आधी स्वतःचं छत लागतं. 2025 च्या अर्थसंकल्पात राज्याने 30 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला. धूर कमी करायला दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या रिक्षाइतकी कामाची गाडी नाही, आणि सगळ्यात महाग पैसा तिच्याच वाट्याला. हे माझ्या सल्ल्याने बदलणार नाही. पॉलिसीचं तरी तुमच्या हातात आहे.

परतीचा अर्ज बाबांच्या सहीने, थेट विमा कंपनीकडे द्या. एजंटाकडे नको. पोच घ्या. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. आलेले पैसे कर्जाच्या मुद्दलात भरा, मात्र त्यावर काही शुल्क आहे का ते विचारून घ्या. बँकेत जाऊन बाबांना सरकारी योजना लावा: 436 रुपयांची जीवन ज्योती (आयुर्विमा) आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा (अपघात विमा), दोन्ही वर्षाच्या. पहिलीत 50 वर्षांपर्यंतच शिरता येतं. मग जमेल तसा टर्म प्लॅन, म्हणजे शेवटी पैसे परत न देणारा निव्वळ आयुर्विमा. एसआयपीत 16 टक्के मिळतील या आशेवर 16 टक्क्यांचं कर्ज ठेवू नका. जे उरेल ते कर्जात.

एजंटाचा फोन येईलच. ‘पॉलिसी रद्द केली तर कर्ज अडेल’ म्हणेल. कर्ज वाटून झालंय, रिक्षा दारात उभी आहे. आता काय अडवणार आहे तो?