ट्रॅकरमध्ये कॉलसाइनच्या जागी ‘सॅग२’ भरलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळच्या सायकल राईडसाठी सहा सपोर्ट गाड्यांवर एपीआरएस ट्रॅकर (हौशी रेडिओवरून गाडीची जागा आपोआप कळवत राहणारी यंत्रं) बसवायचे आहेत. नकाशा बघणाऱ्या आयोजकांना हॅमची (हौशी रेडिओचालकांची) कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळखनावं, कळत नाहीत, त्यांना ‘सॅग१’, ‘सॅग२’ (सॅग म्हणजे सपोर्ट गाडी) असंच दिसायला हवं. मग ट्रॅकरमध्ये कॉलसाइन म्हणून तेच भरून टाकावं का?

नका भरू. मी एकदा हा उद्योग केलेला आहे.

इथे कॅलिफोर्नियात एका राईडला मी तिसऱ्या मदत केंद्रावर होतो, म्हणून ट्रॅकरमध्ये ‘एड३’ भरलं. दिवसभर सगळे खूश. राईड संपली, मी दमून घरी आलो आणि ट्रॅकर गाडीतच चालू राहिला. काही दिवसांनी इंटरनेटवरच्या नकाशावर सहज पाहिलं तर माझी गाडी मधूनच दुसऱ्या राज्यात उडी मारून परत येत होती! तिकडेही कुणीतरी ‘एड३’ लावला होता. आयगेटमधून (रेडिओवर ऐकलेलं इंटरनेटवर चढवणाऱ्या स्टेशनमधून) इंटरनेटवर गेलेलं पॅकेट, म्हणजे ट्रॅकरचा छोटा डेटा-संदेश, कुणाचं, हे फक्त त्या नावावरून ठरतं, त्यामुळे दोन ‘एड३’ म्हणजे यंत्रणेच्या लेखी एकच स्टेशन. आणि पॅकेटमध्ये माझं कॉलसाइन कुठेच नसल्यामुळे तिकडच्या माणसाला तक्रार करायची असती तरी ती कुणाकडे करणार?

शिवाय ते नियमात बसत नव्हतंच. अमेरिकेत संभाषणाच्या शेवटी आणि मध्ये किमान दर दहा मिनिटांनी स्वतःचं कॉलसाइन द्यावं लागतं. तुम्हालाही परवान्याप्रमाणे स्वतःचं कॉलसाइन देणं बंधनकारकच आहे, मग प्रसारण आवाजाचं असो की पॅकेटचं.

‘सॅग२’सारखं टॅक्टिकल नाव वाईट नाही, उलट फार कामाचं आहे. पण ते कामाला दिलेलं नाव आहे, रेडिओला किंवा माणसाला नाही. दुपारी ‘सॅग२’चा हॅम जेवायला उतरतो, दुसरा चढतो, कधी गाडीच बदलते, तरी नेट कंट्रोलला (रेडिओवरचं सगळं संभाषण सांभाळणाऱ्या हॅमला) ‘सॅग२’ हवाच असतो. ट्रॅकरमध्ये कोरून ठेवलेलं नाव अशा वेळी चुकीच्या गाडीबरोबर निघून जातं.

म्हणून पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पत्त्याच्या भागात, खरं कॉलसाइन राहू द्या. तिथे तशीही सहाच अक्षरांची जागा असते, वर ० ते १५ मधला एक एसएसआयडी, म्हणजे एकाच कॉलसाइनची स्टेशनं वेगळी ओळखायचा आकडा. गाडीसाठी ९ लावायची पद्धत आहे. एकाच हॅमचे किंवा क्लबचे दोन-तीन ट्रॅकर असतील तर प्रत्येकाला वेगळा एसएसआयडी द्या, आणि प्रत्येक गाडीत परवानाधारक हॅम बसलेला असू द्या.

आता नाव दाखवायचं कसं? पाणी आणि केळी वाटायची ठिकाणं, घाटमाथा, शेवटची रेषा, अशा न हलणाऱ्या जागांसाठी ऑब्जेक्ट, म्हणजे नकाशावर नाव देऊन ठेवलेली खूण, वापरा. ऑब्जेक्टच्या नावाला नऊ अक्षरं मिळतात आणि ते ज्याने पाठवलं त्याचं कॉलसाइन हेडरमध्ये आपोआप जातं, त्यामुळे नियमही पाळला जातो. नेट कंट्रोलने ते सकाळीच टाकावेत आणि राईड संपली की आठवणीने ‘किल’ करावेत, नाहीतर सगळं सामान आवरल्यावरही नकाशावर तुमची पाणपोई दिसत राहते.

गाड्यांना मात्र हा उपाय चालत नाही. नेट कंट्रोलने टाकलेला ऑब्जेक्ट ट्रॅकरच्या मागे धावत नाही, जिथे ठेवला तिथेच बसतो. गाड्यांसाठी नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्येच टोपणनाव द्या: अमुक कॉलसाइन म्हणजे ‘सॅग२’. एक्सॅस्टिर या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, आणि त्यातून ‘टॅक्टिकल’ या पत्त्यावर मेसेज पाठवून तीच यादी इतर एक्सॅस्टिरवाल्यांकडेही पोचवता येते. हॅम बदलला की एक ओळ बदलायची, ट्रॅकरला हात लावायचा नाही.

आयोजक मोबाइलवर एपीआरएस डॉट एफआय ही नकाशाची वेबसाइट बघत बसणार असतील तर त्यांना ही टोपणनावं दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी ट्रॅकरच्या कमेंटमध्ये ‘सॅग२’ एवढंच लिहा (हॅम किंवा गाडी बदलली तर तेवढं मात्र बदलावं लागेल). तिथे राईडचं पूर्ण नाव आणि प्रायोजकाचे आभार लिहायचा मोह होतो. १२०० बॉडच्या वेगाने एका पॅकेटला पाऊण-एक सेकंद लागतो, डिजिपीटर (पॅकेट ऐकून पुढे पाठवणारं स्टेशन) तेच पुन्हा बोलतो आणि चॅनल सगळ्यांचा एकच असतो, तेव्हा आभार बॅनरवर मानलेले बरे.

थोडं विषयांतर: १९८४ मध्ये एपीआरएसचे जनक बॉब ब्रूनिंगांनी तिचा पूर्वावतार कमोडोर व्हिक-२० या घरगुती संगणकावर चालवला, तो १०० मैलांच्या घोडदौडीत घोडे कुठे पोचले हे कळावं म्हणून. म्हणजे तुमचा प्रश्न या पद्धतीच्या जन्माइतकाच जुना आहे, फक्त घोड्यांच्या जागी सायकली आल्या.

आदल्या दिवशी कागदावर दोन रकान्यांची यादी करा, डावीकडे कॉलसाइन, उजवीकडे टॅक्टिकल नाव, आणि पेन्सिलने लिहा. मी शाईने लिहिली होती, दुपारपर्यंत ती वाचता येईनाशी झाली.