स्वतःची गाडी घ्यावी की कंपनीची चालवावी?

भावा, हेवी लायसन हातात आल्या आल्या स्वतःचा ट्रक बुक करायला पळू नकोस. आधी दोनेक वर्षं कोणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हरकी कर, पगार नि भत्ता सुरू राहतो, टायर फुटला तरी खिसा शेठचा, आणि मुख्य म्हणजे भाडं कुठून कसं मिळतं ते फुकटात कळतं.

स्वतःच्या गाडीत लोक नुसता हप्त्याचा हिशोब करतात पण खरा मार रिकाम्या गाडीचा असतो बघ. नवी मुंबईच्या कळंबोलीतून स्टील भरून नागपूरला गेलास, जाताना भाडं बरं सुटलं, पण परतीचा माल नाही मिळाला तर डिझेल, टोल, युरिया (धूर साफ करायला गाडीत टाकतात ते लिक्विड) सगळं तुझ्याच अंगावर, आणि तिथला ब्रोकर तुझी घाई ओळखूनच रेट पाडतो. शिवाय भाड्याचा ॲडव्हान्स आधी मिळतो नि बाकीचे पैसे माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच परत आल्यावर, ते पण कधी कधी महिना महिना लटकतात. बँक थोडीच थांबणारे! म्हणून तीन-चार हप्ते आणि एका टायरजोडीचे पैसे बाजूला असल्याशिवाय यात उतरू नको.

जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार असशील तर आरसीवर वय बघ, 8 वर्षांपर्यंत फिटनेस सर्टिफिकेट (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला) दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. परमिट, इन्शुरन्स, थकलेली चलानं पण तपास. आणि हो, 10 पर्यंतच गाड्या असतील तर भाडं देणाऱ्या पार्टीला पॅन नि तसं लेखी डिक्लेरेशन दे, मग भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) कापत नाहीत, बऱ्याच जणांना माहीतच नसतं हे.