पूरक प्रथिने रक्तात सदैव एकत्र असूनही संकुल जंतूवरच का जुळते?

आपला प्रश्न असा आहे की, सी३ पासून सी९ पर्यंतची सगळी पूरक प्रथिने, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातील प्रथिने, कायम एकत्रच वाहत असतील, तर ती आपोआप जुळून, म्हणजे पेशीला छिद्र पाडणारे संकुल बनवून, आपल्याच पेशी का फोडत नाहीत. प्रश्न थेट मर्माला हात घालतो. नुसती अनुक्रमाची साखळी पाठ केल्याने त्याचे उत्तर मिळत नाही, कारण उत्तर प्रथिनांच्या घडीत आहे: प्रत्येकाची जुळण्याची जागा आत दडलेली असते, आधीची पायरी झाल्यावरच ती उघडी पडते आणि उघडी राहते तीही क्षणभरच.

सी३ चेच पाहा. त्याच्या पोटात थायोएस्टर हा अत्यंत क्रियाशील बंध झाकलेला असतो. कन्व्हर्टेज या विकराने सी३ तोडले की सी३ए हा लहान तुकडा निघून जातो, उरलेल्या सी३बीची घडी बदलते आणि तो बंध उघडा पडतो. मग सी३बी एकतर शेजारच्या पृष्ठभागाला कायमचे चिकटते, नाहीतर पाण्याशी अभिक्रिया होऊन निकामी होते. म्हणून ते फार दूर जाऊच शकत नाही. आपल्या पेशींवर चिकटलेच, तर तेथील सियालिक आम्ल ही शर्करा ओळखणारे फॅक्टर एच आणि त्याच्या साह्याने काम करणारे फॅक्टर आय ही रक्तातील प्रथिने त्याला निष्प्रभ करतात.

सी५ तुटल्यानंतर मात्र पुढे काहीच तोडले जात नाही, केवळ जुळणी होते, आणि मला हा टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो. सी५बीला सी६ने वेळीच धरावे लागते. सी७ येताच संकुल मेदस्नेही होऊन पटलावर, म्हणजे पेशीच्या मेदयुक्त आवरणावर, बसते. सी८ प्रथम पटलात घुसते. त्यानंतर एकेक सी९ येते, उलगडते आणि उलगडताना पुढच्या सी९साठी जागा मोकळी करते. अशी १८ पर्यंत सी९ जुळून सुमारे ११ नॅनोमीटर व्यासाचे छिद्र तयार होते. आपल्या पेशींवरील सीडी५९ हे प्रथिन नेमकी हीच सी९ची जुळणी अडवते. पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिनुरिया या आजारात ते लाल पेशींवर नसते, म्हणून त्या फुटतात.

तरीही छिद्रालाच सारे श्रेय देऊ नये, असे माझे मत आहे. जाड भित्तिकेच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना ते सहसा भेदत नाही. तेथे सी३बीचा थर आणि तो ओळखणाऱ्या भक्षक पेशीच कामी येतात. सी५ ते सी९ यांपैकी एखादे प्रथिन जन्मतः नसलेल्या व्यक्तींनाही प्रामुख्याने नायसेरिया या मेंदूज्वर व परमा घडवणाऱ्या गटातील जिवाणूंचाच संसर्ग वारंवार होतो.