माणसांचा ९९ टक्क्यांहून जास्त डीएनए सारखाच असतो, मग सख्ख्या भावंडांच्या जनुकीय नात्याचा आकडा ०.५ कसा? आणि तो मोजतात कसा?

जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनच्या १९६४ च्या नियमानुसार आर (हाच नात्याचा आकडा) गुणिले मदत घेणाऱ्याचा फायदा हा मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा जास्त भरला, तर उत्क्रांतीत परोपकार टिकतो. हा आर म्हणजे एकूण साम्य नव्हे. त्या समूहातल्या कोणत्याही दोघांत जेवढे साम्य असतेच, त्याच्या वर किती आहे ते आर सांगतो. जे सगळ्यांकडेच आहे, ते भावाला मदत केल्याने वाढणार कुठून?

आकडे घालून बघा. एका अलीलची (जनुकाच्या एका प्रकाराची) समूहातली वारंवारता ०.२ आहे आणि तुमच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती आहेत, म्हणजे तुमची १. सख्ख्या भावंडात ती सरासरी ०.५ + ०.५ × ०.२ = ०.६ येते. आता (०.६ − ०.२) भागिले (१ − ०.२) = ०.५. समूहातली वारंवारता ०.९ धरली तर भावंडात ०.९५ येते, आणि उत्तर पुन्हा ०.५ च! मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर हिशेब वाटतो.

वंशावळीवरून आर काढता येतो, पण पित्याबद्दलची माहिती बऱ्याचदा चुकते. मधमाश्यांच्या कामकरी बहिणींचा ०.७५ प्रसिद्ध आहे, पण तो राणीचा एकाच नराशी संयोग झाला तरच. दहा नरांचा वाटा सारखा असेल तर सरासरी ०.३० वर येते.

म्हणून डीएनए तपासतात. क्वेलर आणि गुडनाइट यांची १९८९ ची पद्धत वरच्या भागाकारासारखीच आहे. भरपूर अलील असलेले १०-१५ मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या अशा जागा, जिथे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो) घ्या. प्रत्येक जागेचा भागाकार काढून सरासरी घेऊ नका. सगळे अंश एकत्र मिळवा, सगळे छेद एकत्र मिळवा, मग एकदाच भागा. समूहाची वारंवारता काढताना ज्या वसाहतीचे नाते मोजताय ती वगळा, नाहीतर तिचे स्वतःचेच अलील सरासरीत मिसळतात आणि आर कमी दिसतो. उलट, दोन वेगळे समूह एकच समजून मिसळले तर आर फुगतो. ही चूक जास्त घातक, कारण उत्तर अगदी पटण्यासारखे दिसते.

एखादा अलील पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) वाढलाच नाही तर दोन वेगळे अलील असलेल्या जीवात एकच अलील दिसतो. काही नमुने दुसऱ्यांदा चालवून बघा. काही जोड्यांचा आर ऋण येईल. तो शून्य करू नका, त्याने सरासरी खोटी वर जाते. ऋण म्हणजे ते दोघे समूहातल्या कोणत्याही दोघांपेक्षा कमी सारखे, एवढेच. आणि एकाच जोडीच्या आकड्यावर विसंबू नका: इतक्या थोड्या जागांवर सख्खी आणि सावत्र भावंडे सहज एकमेकांत मिसळतात. वसाहतींची सरासरी घ्या आणि एकेक वसाहत वगळून पुन्हा हिशेब करून त्या सरासरीत किती त्रुटी असू शकते ते मोजा.