खगोलशास्त्र इंटरनेटवरून शिकायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

गणित बेताचे असताना केवळ इंटरनेटच्या आधारे खगोलशास्त्र शिकता येईल का आणि आरंभ कोठून करावा, असे आपण विचारले आहे. शिकता येईल, मात्र कृष्णविवरांवरील व्हिडिओंपासून आरंभ करू नये. मी पहिले वर्ष त्यांतच घालवले आणि वर्षअखेरीस मला आकाशात मृग नक्षत्रही ओळखता येत नव्हते.

प्रथम 'स्टेलॅरियम' हे मोफत तारांगण-सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घ्यावे. त्यात आपले ठिकाण आणि रात्री नऊची वेळ भरून बरोबरच्या चिन्हाची (=) कळ दाबत गेल्यास दर वेळी एक दिवस पुढे सरतो आणि सगळे तारे किंचित पश्चिमेकडे कलतात. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, म्हणजे महिन्याकाठी दोन तासांचा फरक पडतो, हे वाचून माझ्या डोक्यात कधी शिरले नव्हते. ती कळ तीस वेळा दाबल्यावर शिरले. मंगळाच्या प्रतियुतीच्या, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो त्या दिवसाच्या, आसपासच्या तारखांना हाच प्रयोग केला, की तो ताऱ्यांमधून चालता चालता थबकतो, मागे फिरतो आणि पुन्हा पुढे निघतो. ज्याला वक्री होणे म्हणतात ते हेच, आणि त्यामागे पृथ्वीने आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकणे एवढेच कारण आहे. गुरूचे चार मोठे चंद्र आज कोणत्या बाजूला आहेत हे त्यात पाहून ठेवावे आणि मग द्विनेत्रीने (बायनॉक्युलरने), हात कशावर तरी टेकवून, पडताळावे.

वाचनासाठी नासाचे 'ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे' हे संकेतस्थळ पुरेसे आहे. 16 जून 1995 पासून तेथे रोज एक चित्र आणि खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेली छोटी टीप येते. चित्रापेक्षा टीप महत्त्वाची, कारण जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतील रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला नंतर दिलेले असतात, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही.

हात बसल्यावर 'गॅलेक्सी झू' या संकेतस्थळाकडे वळावे. तेथे दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, चित्रे पाहून त्यांचे आकार नोंदवायचे असतात. गणित लागत नाही. 2007 मध्ये हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला अशाच एका चित्रात दीर्घिकेशेजारी अनोळखी डाग दिसला आणि तो कसला, असे त्यांनी विचारले. तो प्रचंड वायुमेघ निघाला.