रिपोर्टमध्ये आजाराचं नावच नाही!

प्रश्न : धाकट्या भावाच्या कोपराखाली महिनाभरात दोन सेंटिमीटरची गाठ वाढली. काढून तपासायला दिली. रिपोर्टमध्ये ‘स्पिंडल सेल लिजन (म्हणजे विकृती), तज्ज्ञांचं दुसरं मत घ्यावं’ एवढंच आहे. कॅन्सर आहे की नाही, हे साधं उत्तर मिळत नाही. लॅब म्हणते, ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, घेऊन मोठ्या केंद्रात जा. यांना येत नव्हतं तर तपासायला घेतलंच कशाला?

उत्तर : तुमचा राग समजतो, पण तो रिपोर्ट लिहिणाऱ्यावर काढू नका. मी पॅथॉलॉजिस्ट, माझं आयुष्य मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघण्यात गेलं. मला धास्ती वाटते ती अशा गाठीला पहिल्याच दिवशी ठाम नाव देणाऱ्या रिपोर्टची.

स्पिंडल सेल म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या पेशी. हे फक्त दिसण्याचं वर्णन झालं. अशा पेशी स्नायूंच्या गाठीत असतात, मज्जातंतूच्या आवरणाच्या गाठीत असतात, काही वेळा मेलॅनोमासारख्या त्वचेच्या कॅन्सरमध्येही असतात. शिवाय नोड्युलर फॅसायटिस नावाचं एक बिलंदर प्रकरण आहे. ही गाठ काही आठवड्यांत वाढते, हाताच्या पुढच्या भागात बऱ्याचदा येते, आणि मायक्रोस्कोपखाली पेशी इतक्या भराभर विभागताना दिसतात की सार्कोमाच, म्हणजे स्नायू-हाडांसारख्या ऊतींचा कॅन्सर, वाटावा. प्रत्यक्षात ती निरुपद्रवी असते, पुष्कळदा आपली आपण विरते. 1955 मध्ये तिचं वर्णन झालं, तेव्हा नावातच ‘सार्कोमाचा आभास’ असा अर्थ होता. तिच्यात यूएसपी-6 हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलेलं असतं, हे 2011 मध्ये कळलं. आज शंका आली की ती जोडणी शोधता येते.

तुमच्या भावाला तेच आहे असं मी म्हणत नाही. स्लाइड न बघता मी काहीच म्हणणार नाही. पण गाठ निरुपद्रवी असताना कुणी सार्कोमा म्हटलं, तर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होते. उलट झालं तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून मार्कर लावतात, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगाने शोधतात : स्नायूसाठी डेस्मिन, मज्जातंतूच्या आवरणासाठी एस-100 आणि सॉक्स-10, आणखी एका तंतुमय गाठीसाठी स्टॅट-6. ज्या पेशींत ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. एकाच मार्करवर विसंबून चालत नाही, चार-सहा एकत्र वाचावे लागतात. वर्षातून दोनदा लागणारा मार्कर प्रत्येक लॅबला ठेवणं परवडत नाही, आणि ज्याने अशा गाठी मोजक्याच पाहिल्या त्याची नजरही तितकी तयार नसते. युरोपातल्या तीन प्रदेशांतल्या सार्कोमांचं तज्ज्ञांनी पुन्हा वाचन केलं, त्याचा अहवाल 2012 मध्ये आला. 40 टक्क्यांहून अधिक निदानांत काही ना काही बदल करावा लागला होता. कधी फक्त ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक याची श्रेणी, बदलली, कधी गाठीचं नावच. तेव्हा ब्लॉक घेऊन जरूर जा.

सोबत मूळ स्लाइड, पहिला रिपोर्ट, एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी आणि सर्जनची टिपणं न्या. गाठ किती दिवसांत वाढली, त्वचेखाली होती की स्नायूत, हे कागदावर लिहून द्या. आम्हाला पुष्कळदा बाटलीवर नुसतं ‘गाठ’ लिहून येतं, मग आम्ही अंदाज बांधत बसतो.

प्रश्न : आईला अतिशय दुर्मीळ गाठ आहे. डॉक्टर तिच्या केसवर लेख लिहायची परवानगी मागतात. एका रुग्णावरून कसलं संशोधन होतं?

उत्तर : होतं. पोटातल्या जिस्ट या गाठीची गोष्ट सांगते. या गाठी वर्षानुवर्षं अनैच्छिक स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदल्या जात होत्या. केमोथेरपीला त्या दाद देत नसत. 1998 मध्ये जपानी संशोधकांनी त्यांच्यात किट या जनुकातला बिघाड दाखवला. त्याच सुमारास रक्ताच्या एका कॅन्सरवर इमॅटिनिब हे औषध तपासलं जात होतं, आणि ते किटलाही रोखतं हे माहीत होतं. 2000 मध्ये फिनलंडमध्ये आजार पसरलेल्या एका बाईंना ते दिलं आणि गाठी आक्रसल्या. 2001 मध्ये छापून आलेला तो लेख त्या एकाच रुग्णावर होता. 2002 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मंजुरी मिळाली. मधल्या काळात ठिकठिकाणच्या पॅथॉलॉजिस्टनी कपाटातले जुने ब्लॉक काढून किटचा मार्कर लावला, तेव्हा कितीतरी गाठींची नावं बदलली.

लाखात वर्षाला सहापेक्षा कमी नवे रुग्ण असतील तर युरोपात तो कॅन्सर दुर्मीळ धरतात. एकेक आजार असा तुरळक, पण सगळे मिळून कॅन्सरच्या एकूण रुग्णांपैकी पाचवा हिस्सा तरी भरतो. त्यातल्या पुष्कळांसाठी शेकड्यांनी रुग्ण जमवणं अशक्य असतं, म्हणून अशा लेखांवर भिस्त. अर्थात सगळे लेख कामाचे नसतात. ‘असा रुग्ण आमच्याकडेच पहिला’ यापलीकडे काही न सांगणारेही ढिगाने निघतात. डॉक्टरांना विचारा, जनुकीय तपासणी केली का, पुढे आईची प्रकृती कशी राहिली तेही लिहिणार का. नाव, चेहरा, ओळख पटेल असा तपशील येणार नाही याची खात्री लेखी घ्या. परवानगी नाकारली म्हणून उपचारात फरक पडता कामा नये, हेही आईला सांगा.

प्रश्न : ब्लॉक किती काळ टिकतो? हाडाच्या बायोप्सीचा असेल तर?

उत्तर : मेणातला ऊतीचा तुकडा नीट ठेवला तर दशकानुदशकं टिकतो. फ्रिज लागत नाही, पण उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. हाडाचं मात्र वेगळं आहे. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए खराब होतो आणि जनुकीय तपासणी फसते. ईडीटीए हे सौम्य रसायन वापरलं तर वेळ जास्त लागतो, पण डीएनए बराच शाबूत राहतो. म्हणून बायोप्सीच्या आधीच लॅबला सांगून ठेवा, आणि मऊ भाग मिळाला तर तो आम्लात न घालता वेगळा ठेवायला सांगा. ब्लॉक देताना पोच घ्या. परत मिळाला की कडेवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून बघा.